शिवकर बापूजी तळपदे : स्वप्न आणि पुरावा

गेल्या वर्षी, मी प्रथम वर्षात असताना, एका वक्तृत्व स्पर्धेत शिवकर बापूजी तळपदे यांच्यावर सात मिनिटे भाषण केले. १८९५ साली, म्हणजे राईट बंधूंच्या आठ वर्षे आधी, या मराठी माणसाने मुंबईच्या चौपाटीवर माणसाविना उडणारे विमान आकाशात सोडले. ते पंधराशे फूट उंच गेले. न्यायमूर्ती रानडे आणि बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी ते प्रत्यक्ष पाहिले. केसरीत बातमी आली. आणि पुढे इंग्रजांनी हा शोध दडपून टाकला, असे मी ठणकावून सांगितले. सभागृह टाळ्यांनी दणाणले. दुसरे बक्षीस मिळाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे ते प्रशस्तिपत्र जिंतूर तालुक्यातल्या आमच्या घरी देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला टांगले गेले आणि आल्यागेल्या पाहुण्याला अण्णा ते कौतुकाने दाखवू लागले.

स्पर्धा संपल्यावर इतिहासाच्या सरांनी माझी पाठ थोपटली आणि हे सारे त्याच वर्षी कोणी लिहून ठेवले आहे का, एवढेच विचारले. मी गप्प राहिलो. माझी सगळी माहिती मोबाईलवर आलेल्या एका मजकुरातून घेतलेली होती. त्या दिवसापासून तो प्रश्न माझ्या मागे लागला. या लेखात तळपदे यांचे चरित्र मी पुन्हा सांगणार आहे; पण या खेपेस जेवढे खात्रीचे तेवढे खात्रीचे म्हणून, आणि जी कथा ती कथा म्हणून.

शिवकर बापूजी तळपदे यांचा जन्म १८६४ साली मुंबईत, चिराबाजार भागात, पाठारे प्रभू ज्ञातीत झाला. पाठारे प्रभू ही मुंबईच्या जुन्या रहिवाशांपैकी एक सुशिक्षित जमात. त्या काळची मुंबई म्हणजे नव्या युगाची पेठ. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली होती, १८५७ साली विद्यापीठ स्थापन झाले होते, कापडाच्या गिरण्यांची धुराडी उभी राहत होती. आपली परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती आणि १८९५ साली येथे आगगाडीही पोचलेली नव्हती. मुंबईचा मुलगा मात्र वाफेची यंत्रे, तारायंत्र, छायाचित्रे हे सगळे रोज पाहत वाढत होता. माणसाची बुद्धी एवढे करू शकते तर आकाश तरी दूर का राहावे, असे अशा मुलाला वाटले असेल तर त्यात नवल काय?

पुढे तळपदे सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेशी, म्हणजे आपण ज्याला जे. जे. स्कूल ऑफ आर्ट म्हणतो त्या संस्थेशी जोडले गेले. प्रथम विद्यार्थी आणि नंतर शिक्षक. येथे एक गोष्ट आपण मराठवाड्यातील विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. याच शाळेतील विद्यार्थ्यांनी ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली १८७२ पासून पुढे अनेक वर्षे अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या. आकाशात तरंगणारे गंधर्व आणि अप्सरा तेथून कागदावर आणि कॅनव्हासवर उतरून मुंबईला गेल्या. ती शाळा केवळ चित्रे काढायला शिकवणारी नव्हती. लाकूड, धातू, माती यांना हात लावून वस्तू घडवण्याचे शिक्षणही तेथे मिळे. विमानाचा विचार करणारा माणूस अभियांत्रिकीच्या वर्गातून न येता चित्रशाळेतून आला, याचे म्हणूनच मला फारसे आश्चर्य वाटत नाही.

तळपदे यांच्या मनाची दुसरी बाजू संस्कृत आणि वेद यांनी घडवली. १८७५ साली स्वामी दयानंद सरस्वती यांनी मुंबईत आर्य समाजाची स्थापना केली. दयानंदांनी आपल्या ऋग्वेदादिभाष्यभूमिका या ग्रंथात नौका आणि विमान यांच्या विद्येवर एक प्रकरण लिहिले आहे. वेदमंत्रांत यंत्रविद्येची बीजे आहेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. परक्या सत्तेखाली मान खाली घालून वावरणाऱ्या सुशिक्षित तरुणांना या विचाराने केवढा धीर दिला असेल, याची आज कल्पना करणे कठीण आहे. आगगाडी त्यांची, तारायंत्र त्यांचे, तोफा त्यांच्या. निदान विमान तरी आमचे होते, ही भावना त्या काळच्या जखमेवरची फुंकर होती. तळपदे याच विचाराने भारले गेले. प्राचीन ग्रंथांतील विमानविद्येचा त्यांनी ध्यास घेतला, त्या विषयावर मराठीत लेखन केले आणि विमान बांधण्याच्या खटपटीला लागले. त्यांच्या यंत्राचे नाव मरुत्सखा, म्हणजे वाऱ्याचा मित्र. नाव किती सुंदर आहे!

येथपर्यंत चरित्र आहे. येथून पुढे कथा सुरू होते.

कथा मी वर सांगितलीच आहे. चौपाटी, गर्दी, पंधराशे फूट, रानडे, सयाजीराव आणि केसरी. काही सांगणारे त्यात पाऱ्यावर चालणारे यंत्रही घालतात. परंतु या उड्डाणाची त्या काळातील एकही विश्वासार्ह नोंद आजवर पुढे आलेली नाही. जे आहे ते पुष्कळ वर्षांनंतरचे लेखन आणि त्याहून नंतरची सांगोवांगी. केसरीतील बातमीचा उल्लेख जो तो करतो. पण तारीख आणि पान कोणी दाखवत नाही.

नोंद नाही म्हणजे घटना घडलीच नाही, असे लगेच म्हणता येईल का? खेड्यातल्या एखाद्या घटनेबाबत तसे म्हणता येणार नाही. आमच्या आजोबांच्या जन्माची नोंद कोठेही नाही, पण ते जन्मले होते! मात्र येथे स्थळ कोणते आहे ते पाहिले पाहिजे. १८९५ ची मुंबई ही हिंदुस्थानातील सर्वांत जागरूक नगरी होती. इंग्रजी, मराठी आणि गुजराती वृत्तपत्रे रोज निघत होती. पुढच्याच वर्षी, ७ जुलै १८९६ रोजी, वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा खेळ झाला. एका खोलीत, पडद्यावर, काही मिनिटांची ती चित्रे. पण त्या खेळाची जाहिरात टाइम्स ऑफ इंडियात आली आणि ती आजही इतिहासकार दाखवतात. १८९९ साली हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये झालेली कुस्ती चित्रित केली. म्हणजे मराठी माणसाच्या हाती तेव्हा कॅमेराही आलेला होता. अशा नगरीत, उघड्या चौपाटीवर, उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींच्या आणि एका महाराजांच्या समक्ष एक यंत्र पंधराशे फूट उंच जाते आणि एकाही वृत्तपत्रात, एकाही पत्रात, एकाही रोजनिशीत त्याची ओळ सापडत नाही, हे कसे पटावे? इंग्रजांनी दडपले म्हणावे, तर टिळकांच्या काळातल्या मराठी वृत्तपत्रांना गप्प बसवणे एवढे सोपे होते काय?

दुसरा प्रश्न यंत्राचा. आकाशात उडण्यासाठी चार गोष्टी जुळाव्या लागतात. पंखांनी वजन उचलले पाहिजे, यंत्राने पुढे खेचले पाहिजे, ते यंत्र स्वतः हलके पाहिजे आणि सगळ्याचा तोल राहिला पाहिजे. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड. तो तापवला तर विषारी वाफ निघते; विमान पुढे जाण्याइतका जोर त्यातून मिळत नाही. त्या दशकात जगभरचे प्रयोग अडून बसले होते ते नेमके येथेच : हलके आणि जोरदार इंजिन कोठून आणायचे?

हे नुसते तर्काने सांगण्यापेक्षा त्याच सुमारास दुसरीकडे काय चालले होते ते पाहू. जर्मनीत ओटो लिलिएंटाल याने पक्ष्यांच्या पंखांचा अभ्यास करून, मोजमापे घेऊन १८८९ साली ग्रंथ लिहिला आणि पुढे इंजिनाविना, टेकडीवरून उतरत, सुमारे दोन हजार वेळा तो हवेत तरंगला. १८९६ च्या ऑगस्टमध्ये अशाच एका उड्डाणात पडून तो मरण पावला. अमेरिकेत सॅम्युअल लँग्ली या शास्त्रज्ञाने माणसाविना उडणारी मोठी प्रतिकृती बांधली. पंखांची लांबी सुमारे १४ फूट, वजन सुमारे ११ किलो, आत एक अश्वशक्तीचे छोटे वाफेचे इंजिन. ६ मे १८९६ रोजी पोटोमॅक नदीतील एका नावेच्या छतावरून स्प्रिंगच्या जोराने ती सोडण्यात आली आणि सुमारे ३३०० फूट, म्हणजे एक किलोमीटर अंतर तिने कापले. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल त्या वेळी हजर होते आणि त्यांनी छायाचित्र घेतले. ते आजही पाहता येते.

तळपदे यांच्या नावे जो पराक्रम सांगितला जातो, अगदी तसाच हा पराक्रम आहे. आणि तो एकाच वर्षाच्या अंतराने घडला. फरक एवढाच की लँग्लीचे वजन, लांबी, दिवस, अंतर आणि साक्षीदार या सगळ्याची नोंद आहे. याच लँग्लीने पुढे सरकारी मदतीने माणूस बसेल असे मोठे यंत्र बांधले. १९०३ च्या ऑक्टोबरात आणि डिसेंबरात ते दोन्ही वेळा सरळ नदीत कोसळले. वृत्तपत्रांनी त्याची भरपूर टर उडवली. दुसऱ्या अपयशानंतर अवघ्या नऊ दिवसांनी, १७ डिसेंबर १९०३ रोजी, राईट बंधूंचे विमान १२ सेकंदांत १२० फूट उडाले. लँग्लीचे अपयशही नोंदले गेले म्हणूनच त्याचे यश खरे मानले जाते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटली.

तळपदे यांच्या कथेशी आणखी एका ग्रंथाचे नाव जोडले जाते. तो म्हणजे वैमानिकशास्त्र. भरद्वाज ऋषींच्या नावाने प्रसिद्ध असलेला हा ग्रंथ कर्नाटकातील पंडित सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ या काळात तोंडी सांगून लिहवून घेतला आणि त्यातील विमानांचे आराखडे बंगलोरच्या एका ड्राफ्ट्समनने काढले. १९७४ साली बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी त्याची तपासणी केली. हा ग्रंथ विसाव्या शतकातलाच आहे आणि त्यातले एकही विमान उडू शकणार नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. या संशोधकांना संस्कृतचा द्वेष होता असे म्हणता येणार नाही. त्यांनी आधी भाषा तपासली, मग आकृत्या तपासल्या आणि मग गणित मांडले. शिवाय ते आराखडे निघाले तेव्हा तळपदे या जगात नव्हते. म्हणजे आज पुस्तकांत आणि मोबाईलवर जी चित्रे मरुत्सखा म्हणून फिरतात, त्यांच्यावरून तळपदे यांच्या यंत्राविषयी काहीच ठरत नाही. २०१५ साली त्यांच्यावर हवाईजादा नावाचा हिंदी चित्रपटही निघाला. परंतु चित्रपट हा पुरावा होऊ शकत नाही.

पहिले महायुद्ध चालू असतानाच तळपदे यांचे निधन झाले. पन्नाशी ओलांडून थोडीच वर्षे झाली होती. त्यांच्या डोळ्यांदेखत जग बदलले होते. १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादच्या मैदानावरून हेन्री पेके या फ्रेंच वैमानिकाने टपालाची पिशवी घेऊन यमुनेपलीकडच्या नैनीपर्यंत विमान नेले. युरोपात तर विमाने युद्धात उतरली. ज्या गोष्टीचा ध्यास आपण तरुणपणी घेतला, ती दुसऱ्या कोणाच्या तरी हातून खरी झालेली पाहताना या कलाशिक्षकाला काय वाटले असेल? आनंद की हळहळ? ते आता कोणी सांगू शकणार नाही. मला मात्र तळपदे यांच्या चरित्रातील हाच भाग चौपाटीच्या कथेपेक्षा अधिक हृदयस्पर्शी वाटतो.

मग तळपदे यांचे मोठेपण उरते कोठे? माझ्या मते ते पुष्कळ उरते. ज्या काळी उडण्याचा विचार करणाऱ्याला जगभर वेडा म्हणत, त्या काळी गुलाम देशातल्या एका चित्रकलाशिक्षकाने हा विचार उराशी बाळगला. तोही अर्ध्या सुट्टीत गप्पा मारण्यापुरता नव्हे, तर आयुष्य खर्चून. त्यांची दिशा चुकली, हे मान्य केले पाहिजे. जे वाऱ्याला विचारायचे ते त्यांनी श्लोकांना विचारले. पण प्रश्न त्यांना पडला होता, आणि प्रश्न पडणे ही विद्येची पहिली पायरी आहे. याच कलाशाळेत शिकलेल्या दुसऱ्या एका ध्येयवेड्याचे उदाहरण घ्या. दादासाहेब फाळके यांनीही चित्रकलेकडून यंत्राकडे धाव घेतली आणि १९१३ साली राजा हरिश्चंद्र हा चित्रपट तयार केला. त्याच्या काही रिळा शिल्लक आहेत, म्हणून त्यांना भारतीय चित्रपटाचे जनक म्हणताना कोणाची जीभ अडखळत नाही. तळपदे यांना विमानाचे जनक म्हणण्याचा हट्ट धरून आपण त्यांना मोठे करत नाही. उलट, ऐकणाऱ्याने एकदा पुरावा मागितला की त्यांचा खराखुरा ध्यासही त्या खोट्या विमानाबरोबर खाली कोसळतो. सरांच्या प्रश्नापुढे मी गप्प झालो तेव्हा नेमके हेच घडले होते.

गेल्या हिवाळ्यात शहराबाहेरच्या मोकळ्या रानात काही छंदिष्ट तरुण दूरनियंत्रित विमान उडवण्यासाठी आले होते. ते लहान खेळणे नव्हते. दोन मीटरपेक्षा लांब पंख, हलक्या बाल्सा लाकडाचा सांगाडा, वर ताणून बसवलेले पातळ आवरण, नाकाशी पेट्रोलचे छोटे इंजिन. हातातल्या पेटीतून रेडिओलहरी जात आणि त्या सांगतील तशा विमानातल्या इवल्या मोटारी पंखांच्या आणि शेपटीच्या झडपा हलवत. ते वर गेले, उलटे झाले, गिरक्या घेत खाली आले आणि जमिनीपासून थोड्या उंचीवर नाक वर करून जवळजवळ उभे राहिले. कापूस वेचणाऱ्या बाया काम सोडून पाहत राहिल्या. अलीकडे आमच्या भागात फवारणीचे ड्रोन दिसतात, त्यामुळे माणसाविना उडणारे यंत्र आता नवलाचे राहिलेले नाही. पण पक्ष्यासारखे पंख असलेले ते विमान पाहताना मला मरुत्सखाच आठवला.

मात्र मला अधिक शिकवून गेली ती उड्डाणापूर्वीची एक साधी कृती. त्या तरुणांपैकी दोघांनी विमान दोन्ही बाजूंनी पंखांखाली बोटे लावून उचलून धरले. नाक किंचित खाली झुकले, तेव्हाच त्यांनी समाधानाने मान हलवली. तोल शेपटीकडे जास्त गेला तर विमान हाताबाहेर जाते, असे त्यांनी सांगितले. मग एकाने वहीत तारीख, वाऱ्याचा जोर आणि बॅटरीची स्थिती लिहिली. पूर्वीच्या पानांवर किती वेळा विमान पडले आणि का पडले तेही लिहिलेले होते. १८९५ सालच्या चौपाटीवरून अशी एक वही जरी आपल्या हाती आली असती, तरी माझ्या सात मिनिटांच्या भाषणाला आधार मिळाला असता.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा अण्णांना मी सगळे सांगितले. मग तो माणूस खोटारडा होता का, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो की खोटे ते बोलले नाहीत, खोटे मी बोललो. अण्णांना अक्षरओळख नाही. पण ते थोडा वेळ विचार करून म्हणाले की उभ्या पिकाकडे पाहून माणूस कितीही क्विंटल सांगतो, माप मात्र आडतीत काट्यावरच होते. शेतात राबलेला माणूस त्यामुळे खोटा ठरत नाही. सरांनी विचारलेल्या प्रश्नाचे इतके सोपे उत्तर मला कोणत्याही पुस्तकात मिळाले नव्हते.

प्रशस्तिपत्र अजून देव्हाऱ्याशेजारीच आहे. ते काढू नकोस, असे आईचे म्हणणे पडले. यंदाच्या स्पर्धेत मी पुन्हा नाव नोंदवले आहे. विषय तोच, शिवकर बापूजी तळपदे. वेळ सात मिनिटे. बक्षीस मिळेल की नाही, ठाऊक नाही. भाषण संपल्यावर सरांनी पुन्हा तोच प्रश्न विचारावा, एवढीच इच्छा आहे.

(बी. ए. द्वितीय वर्ष)